पाठवलेला निरोप पोचत का नाही?



हल्ली कामावरचा निरोप तोंडी येत नाही, चिठ्ठीनंही येत नाही. तो फोनवर येतो. नर्सिंग होममधली पाळी बदलली, गोदामात उद्या सुट्टी दिली, बर्फामुळे दुकान उशिरा उघडणार, असं सगळं ऑफिसच्या चॅटवर लिहून टाकतात. लिहिणाऱ्याला वाटतं, आपण सांगून मोकळे झालो. ज्याला सांगायचं त्याला मात्र पत्ताच नसतो! मग कुणाचा दिवसाचा पगार बुडतो, तर कुठे एखाद्या आजींना सकाळी औषध द्यायला कोणी येतच नाही. म्हणून ह्या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे. आजी-आजोबांनी आणि नातवंडांनी मिळून वाचावा.

कामाच्या चॅटची एक मोठी गोष्ट आपल्या कॅनडातच सुरू झाली, आणि तीही न पोचणाऱ्या निरोपांपासूनच.

ब्रिटिश कोलंबियात लंड नावाचं समुद्राकाठचं एक लहानसं गाव आहे. तिथे १९७३ साली स्टुअर्ट बटरफील्ड ह्यांचा जन्म झाला. आईवडिलांनी त्यांचं नाव काय ठेवलं होतं, ठाऊक आहे? धर्म! लाकडी ओंडक्यांच्या घरात, नळाच्या पाण्यावाचून त्यांची पहिली काही वर्षं गेली. बारा वर्षांचे झाल्यावर त्यांनी आपलं नाव बदलून स्टुअर्ट करून घेतलं. पुढे त्यांनी सोबत्यांबरोबर व्हँकूवरमध्ये कंपनी काढली आणि 'ग्लिच' नावाचा संगणकावरचा खेळ तयार केला. खेळ काही चालला नाही. २०१२ च्या डिसेंबरात तो बंद करावा लागला.

पण त्या काळात एक वेगळंच काम होऊन बसलं होतं. कंपनीची माणसं वेगवेगळ्या शहरांत होती. एकमेकांशी बोलायला ती आय.आर.सी. ही जुनी सोय वापरत. ही सोय १९८८ साली फिनलंडमध्ये निघाली होती. तिच्यात एक मोठी खोट होती. दोघंही त्या वेळी जोडलेले असले तरच बोलणं व्हायचं. एक जण जेवायला उठला की मधल्या वेळातलं बोलणं त्याच्यापुरतं हरवलं. म्हणून ह्या मंडळींनी सर्व निरोप साठवून ठेवणारी व्यवस्था स्वतःच बांधली. माणूस परत आला की साठवलेले निरोप त्याला मिळत. मग ते शोधण्याची सोय केली, आणखी सुधारणा केल्या. खेळ बुडाला, पण ही व्यवस्था तरली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ती 'स्लॅक' ह्या नावानं जाहीर झाली. त्या नावाच्या इंग्रजी अक्षरांचा अर्थच मुळी 'सर्व बोलण्याची आणि माहितीची, शोधता येईल अशी नोंदवही' असा लावतात. त्याच वर्षी जुलैमध्ये भारतातली तारसेवा बंद झाली होती. तार आली की काळजात धस्स व्हायचं, हे आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढे २०२१ साली सेल्सफोर्स ह्या अमेरिकन कंपनीनं स्लॅक सुमारे २७७० कोटी डॉलरना विकत घेतलं.

आता मुलांनो, निरोप जातो कसा ते पाहू. आपण 'पाठवा' दाबलं म्हणजे निरोप थेट समोरच्याच्या फोनात जात नाही. आधी तो आपल्या फोनातून निघतो. मग इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर पोचतो. हे झालं पोस्ट ऑफिस. तिथे त्याची नोंद होते. तिथून तो समोरच्याच्या फोनाकडे निघतो. शेवटी फोन टिंग वाजवून सांगतो, "निरोप आलाय हो!" ह्या चारांपैकी नेमका कुठे अडकला ते कळलं की अर्धं काम झालं.

ते ओळखायची एक सोपी युक्ती आहे. निरोप ज्याला पाठवला, त्यानं तेच चॅट संगणकावर उघडून पाहावं. तिथे निरोप दिसला तर तो पोस्टात पोचला आहे, दोष समोरच्याच्या फोनात आहे. तिथेही दिसला नाही तर बहुधा तो पाठवणाऱ्याकडेच अडकला आहे.

पाठवणाऱ्याकडे अडकला असेल तर आधी इंटरनेट चालू आहे का ते बघा. फोन विमानाच्या मोडवर राहिला नाही ना? वायफाय बंद करून मोबाईलच्या डेटावर पाठवून पाहा, किंवा उलट करा. निरोपाजवळ न गेल्याची खूण असेल तर पुन्हा पाठवण्याचं बटण दाबा. ॲप बंद करून उघडा, जुनं असेल तर अपडेट करा. एक मात्र सांभाळा. न गेलेला निरोप फक्त आपल्याच फोनात असतो. ॲप काढून पुन्हा घालायचं असेल तर तो आधी कागदावर उतरवून घ्या.

घेणाऱ्याकडे घोळ असेल तर बहुतेक वेळा निरोप आलेला असतो, फोनच गप्प असतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोन कधीकधी ॲपला झोपवून ठेवतो. 'व्यत्यय नको' ही सोय रात्रीसाठी लावलेली असते. कोणीतरी तो गट मुका करून ठेवलेला असतो. आणखी एक गंमत आहे. आपण संगणकावर काम करतोय असं स्लॅकला वाटलं, तर ते फोनवर लगेच सूचना पाठवत नाही. हे सगळं सेटिंगमध्ये बदलता येतं. नातवंडांनो, हे पाच मिनिटांचं काम आहे, आजीला करून द्या.

कधीकधी पोस्ट ऑफिसच बंद पडतं. ४ जानेवारी २०२१ ला, नव्या वर्षी लोक कामावर परतले त्याच दिवशी, स्लॅक कित्येक तास नीट चालत नव्हतं. अशा वेळी आपला फोन उघडझाप करून उपयोग नाही. कंपनीच्या स्थितिदर्शक पानावर बघावं आणि थांबावं.

आणि कधी रस्ताच खचतो. ८ जुलै २०२२, शुक्रवार. पहाटे पाचच्या सुमारास कॅनडात रॉजर्स कंपनीचं जाळं कोसळलं. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट बंद पडले. इंटरॅकची डेबिट सेवा देशभर ठप्प झाली, कित्येकांना ९११ लागेना. जाळ्यात सुधारणा चालू असताना एक गाळणी काढली गेली. त्यामुळे मुख्य यंत्रांवर माहितीचा पूर लोटला, असं नंतर निष्पन्न झालं. सीआरटीसीनं करून घेतलेल्या चौकशीचा सारांश २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटली. कंपनीचे कर्मचारी एकमेकांशी बोलायला स्वतःच्याच जाळ्यावर अवलंबून होते! जाळं पडलं तसं दुरुस्ती करणाऱ्यांचंही आपसातलं बोलणं तुटलं. शेवटी दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं त्यांच्यापर्यंत पोचवावी लागली. सगळा प्रकार सुमारे २६ तास चालला. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये देशातल्या मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी, अशा संकटात एकमेकांना मदत करायचा करार केला.

एवढ्या मोठ्या कंपनीला जे लागलं ते आपल्यालाही लागतंच. दुसरी वाट हवी. ती कधी कामाला येईल ते सांगता येत नाही, म्हणून आधीच ठरवून ठेवावी. घरचा फोन, मोबाईल आणि इंटरनेट तिन्ही एकाच कंपनीचे असले तर ती एकच वाट धरायची, हे लक्षात ठेवा. घरात एक तरी फोन वेगळ्या कंपनीचा असू द्या. चार महत्त्वाचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. कामावरही साहेबांना विचारून ठेवा, "चॅट बंद पडलं तर कुठे फोन करायचा?"

शेवटचं, आणि सर्वांत महत्त्वाचं. व्हॉट्सॲपवर दोन खुणा आल्या म्हणजे निरोप फोनात पोचला, माणसाला कळला असं नव्हे. स्लॅकवर तर वाचल्याची खूणच नसते. आपल्याकडे रजिस्टर पत्राला पोचपावती असायची, तशी आता आपण मागून घ्यावी. पाळी, औषध, डॉक्टरची वेळ असा निरोप असला तर शेवटी लिहा, "मिळाला का? उत्तर द्या." ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही तर सरळ फोन उचलून बोला. आणि आपल्याला निरोप आला तर "मिळाला" एवढं लिहायला आळस करू नका. तिकडे कोणीतरी वाट बघत असतं.