बीबीसी मायक्रोला एसडी कार्ड

1984 साली केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला आणि आपल्याकडच्या निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक येऊन पोचले. बदामी पेटी, लाल फंक्शन कळा. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने 1981च्या डिसेंबरात आणलेलं हे यंत्र: दोन मेगाहर्ट्‌झचा 6502 प्रोसेसर आणि मॉडेल बीमध्ये 32 किलोबाइट मेमरी. आज अडगळीतून काढलं तरी पुष्कळदा ते चालू होतं. बटण दाबण्याआधी पॉवर सप्लायमधले जुने कागदी फिल्टर कपॅसिटर मात्र बदलून घ्यावेत. ओल शिरून ते तडकलेले असतात आणि धूर सोडतात. संगणक चालतो, पण फ्लॉपी दगा देते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते आणि ड्राइव्हचं हेड तीच बुरशी पुढच्या फ्लॉपीवर नेतं. म्हणून ड्राइव्हच्या जागी एसडी कार्ड जोडायचं.

हे सोपं जातं, याचं श्रेय एकॉर्नच्या अभियंत्यांचं. पेटीच्या पुढच्या कडेखाली ‘यूजर पोर्ट’ आहे, शाळेतल्या प्रयोगांसाठी मोकळा ठेवलेला. त्यामागच्या 6522 चिपमध्ये शिफ्ट रजिस्टर आहे, म्हणजे एकामागून एक येणारे बिट गोळा करून त्यांचा बाइट बनवणारी सोय. एसडी कार्डही सरळ पद्धतीने चार तारांवर बोलू शकतं: घड्याळाची एक, डेटा जाण्याची एक, येण्याची एक आणि निवडीची एक. अडचण व्होल्टेजची. पोर्ट पाच व्होल्टचा, कार्ड 3.3 व्होल्टचं. त्यामुळे कार्डाला वीज रेग्युलेटरमधून द्यावी लागते आणि संगणकाकडून येणारे संकेत रेझिस्टर लावून उतरवावे लागतात. थेट जोडलं तर कार्ड जळू शकतं.

तारा जुळल्या तरी संगणकाला कार्ड कळायला हवं. ते काम ‘एमएमएफएस’ नावाची रॉम करते. बीबीसीत फाइल उघडण्याची, वाचण्याची प्रत्येक मागणी मेमरीतल्या ठरावीक पत्त्यांवरून पुढे जाते, आणि ते पत्ते बदलता येतात. टेप, फ्लॉपी, शाळेतलं इकोनेट जाळं, सगळं याच वाटेने चालायचं. एमएमएफएस त्या पत्त्यांवर स्वतःला बसवते. मग प्रोग्रॅमला माल फ्लॉपीवरून आला की कार्डावरून, हे कळायचं कारणच उरत नाही. कार्डावर एकच मोठी फाइल असते, तिच्यात प्रत्येकी 200 किलोबाइटच्या 511 फ्लॉपी मावतात. ही फाइल सलग लागते, तुकडे झालेली चालत नाही. म्हणून कार्ड नव्याने फॉरमॅट करून तीच सगळ्यात आधी टाकावी.

अडतात ते ऑपरेटिंग सिस्टिमला वळसा घालून थेट डिस्क कंट्रोलरशी बोलणारे प्रोग्रॅम, विशेषतः कॉपी-संरक्षण असलेले काही गेम. कमोडोर 64 संगणकावर तर हीच मोठी डोकेदुखी. त्याच्या 1541 ड्राइव्हमध्ये स्वतःचा 6502 प्रोसेसर आणि दोन किलोबाइट मेमरी होती, तरी वेग सेकंदाला जेमतेम 400 बाइटच्या आसपास. म्हणून गेम लिहिणारे आपला वेगवान कोड, म्हणजे ‘फास्टलोडर’, ड्राइव्हच्या मेमरीत चढवून तिथेच चालवायचे. तिथे ‘एसडी-टू-आयईसी’सारखा साधा कार्ड-जोड लावला तर त्याला ओळखीचे फास्टलोडर जमतात, बाकीचे अडकतात, कारण चढवलेला कोड चालवायला आत 6502च नसतो. ‘पाय1541’ रास्पबेरी पायवर अख्ख्या ड्राइव्हची, त्याच्या प्रोसेसरसकट, नक्कल करतं. ते मला जास्त प्रामाणिक उत्तर वाटतं.

शाळेच्या कपाटात किंवा घरी जुन्या फ्लॉपी असतील तर मूळ ड्राइव्ह भंगारात देऊ नका. फ्लॉपी सांभाळणारी डीएफएस आणि कार्ड सांभाळणारी एमएमएफएस या दोन्ही रॉम एकाच बीबीसीत राहतात, त्यामुळे फ्लॉपीवरचे प्रोग्रॅम त्याच यंत्रावर वाचून कार्डावर उतरवता येतात. बुरशीची फ्लॉपी आधी साफ करावी, प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुसावं, आणि एखादी खरखरली की तिथेच थांबावं; पुन्हा पुन्हा फिरवलं तर चुंबकीय थर खरवडून निघतो.