आयर्लंडच्या सागरकाठची गिरियात्रा

‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. ज्याच्या योगे पैलतीर गाठता येते, ते तीर्थ. या व्युत्पत्तीत देशाचा उल्लेख नाही की भाषेचा नाही. आषाढीच्या या पर्वकाळी पंढरीची वाट वैष्णवांच्या पावलांनी गजबजलेली असताना आम्ही वाचकांना अशाच एका दूरदेशीच्या वाटेवर क्षणभर नेऊ इच्छितो.

युरोपच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात आयर्लंडचे बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो नावाच्या परगण्यात, क्लू हा उपसागर आहे. वर्षाचे जितके दिवस तितकी, म्हणजे 365 बेटे त्यात आहेत, असे तेथील लोक कौतुकाने सांगतात. या उपसागराच्या दक्षिण काठी 764 मीटर उंचीचा, शंकूच्या आकाराचा पर्वत उभा आहे. त्याचे नाव क्रो पॅट्रिक. संत पॅट्रिक हा पाचव्या शतकातील ख्रिस्ती सत्पुरुष. कोवळ्या वयात त्याला दास म्हणून या बेटावर पळवून आणण्यात आले. सहा वर्षे गुरे-मेंढरे राखून तो निसटला आणि पुढे त्याच लोकांना धर्मोपदेश करण्यासाठी स्वेच्छेने परत आला. इसवी सन 441 मध्ये त्याने या शिखरावर 40 दिवस उपोषण केले, अशी परंपरा आहे.

जुलै महिन्याच्या अखेरच्या रविवारी येथे यात्रा भरते. 15 ते 30 हजार भाविक त्या दिवशी पर्वत चढतात. माथ्याजवळची चढण अतिशय उभी असून तेथे सुटी, धारदार खडी पसरलेली आहे. तरीही कित्येक जण अनवाणी चढतात. पूर्वी हा सोहळा रात्रीच्या अंधारात होत असे, 1970 च्या दशकाच्या आरंभी तो दिवसा होऊ लागला. वाटेत उपासनेची तीन स्थाने आहेत. पहिल्या स्थानी दगडांच्या राशीभोवती सात फेरे घालावयाचे आणि ठरलेल्या प्रार्थना म्हणावयाच्या. शिखरावर 1905 साली बांधलेले लहानसे प्रार्थनामंदिर आहे, त्याभोवती पंधरा फेरे. अनेकांच्या हाती जपमाळ असते.

हे फेरे सूर्यगतीने, म्हणजे पूज्य स्थान उजव्या हाताला ठेवून, घालावयाचे असतात. आयरिश भाषेत या गतीला ‘देशल’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी ‘द्यास’ हा शब्द आहे आणि त्याचे अर्थ दोन : उजवा आणि दक्षिण. संस्कृतातील ‘दक्षिण’ शब्दाचेही नेमके हेच दोन अर्थ आहेत. उगवतीकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात दक्षिणेला येतो, हे त्याचे कारण. दोन्ही शब्द एकाच प्राचीन मूळ भाषेतून आले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. आपली ‘प्रदक्षिणा’ आणि त्यांचा ‘देशल’ ही अशी एका कुळीची भावंडे होत.

पर्वताची महती ख्रिस्ती धर्माहूनही जुनी आहे. जुलैअखेरचा हा काळ म्हणजे लूनसा नावाच्या प्राचीन सुगीच्या सणाचा काळ. पर्वताच्या पूर्वेस बोहे येथे प्रागैतिहासिक काळी वाट्यांसारखे खळगे आणि वर्तुळे कोरलेला एक खडक आहे. तेथून पाहिले असता 18 एप्रिल आणि 24 ऑगस्ट या दिवशी मावळता सूर्य शिखरावर टेकतो आणि पर्वताच्या उतारावरून घरंगळत गेल्यासारखा दिसतो. माथ्यावर 1994 आणि 1995 साली उत्खनन झाले, तेव्हा जुन्या तटबंदीच्या व एका प्राचीन प्रार्थनागृहाच्या खुणा सापडल्या. राज्ये बदलली, धर्म बदलला, पण शिखराकडे जाणारी पावले थांबली नाहीत.

या पावलांची एक जुनी वाट बॅलिनटबर येथील मठापासून निघते. कॉनक्टचा राजा काहल क्रोव्हजर्ग याने हा मठ 1216 साली स्थापिला. येथून पर्वतापर्यंतचे अंतर सुमारे 35 किलोमीटर. क्रॉमवेलच्या सैनिकांनी 1653 साली मठ जाळला, छप्पर कोसळले. तरीही लोक त्या उघड्या भिंतींच्या आत, पावसात भिजत, उपासना करीत राहिले. सभागृहावर पुन्हा छप्पर चढले ते 1966 साली. आजही यात्रेकरू येथे मेणबत्ती लावून निघतात. वाटेत कुरकुर करावयाची नाही, पाय दुखले तरी देवाचे आभारच मानावयाचे, असा तेथला दंडक आहे.

या प्रदेशाने दुःखही पुष्कळ पाहिले. सन 1113 मध्ये पर्वतावर व्रतस्थ असलेले तीस जण वीज पडून मरण पावल्याची नोंद जुन्या बखरींत आहे. पुढे 1845 पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि महादुर्भिक्ष आले. 1841 साली मेयोची लोकसंख्या सुमारे 3 लाख 89 हजार होती, ती 1851 मध्ये 2 लाख 74 हजारांवर आली. कोणी भुकेने व तापाने गेले, कोणी जहाजांत बसून परदेशी गेले आणि त्यांतील कित्येक समुद्रातच निवर्तले. पर्वताच्या पायथ्याशी मरिस्क येथे 1997 साली या दुष्काळाचे राष्ट्रीय स्मारक उभारले गेले. ते एक जहाज आहे आणि त्याच्या डोलकाठ्यांभोवती मानवी सांगाडे गुंफलेले आहेत. वर तीर्थ आणि खाली हे जहाज, असे ते दृश्य आहे.

अशा गरिबीने पोळलेल्या परगण्याची परीक्षा 1980 च्या दशकात झाली. याच पर्वताच्या पोटात सोने सापडले! गारगोटीच्या किमान बारा शिरांमध्ये ते असल्याचे दिसून आले. खाण निघाली असती तर पैसा आला असता, रोजगार आला असता. पण लोकांनी विरोध केला आणि मेयोच्या परगणा मंडळाने खाणीस नकार दिला. सोने आहे तेथेच बरे आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. ज्यांच्या पूर्वजांनी उपासमार सोसली, त्यांनी हे म्हणावे, यातच त्या निर्णयाचे मोल आहे.

पुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. असंख्य पावलांनीच पर्वताची वाट झिजू लागली, दगड निसटू लागले. भक्ती देवस्थानाला कशी जड होऊ शकते, हे आम्हां तीर्थक्षेत्रीच्या रहिवाशांना कोणी निराळे सांगावयास नको. तेथील लोकांनी यात्रा बंद केली नाही. त्यांनी पर्वतावरचेच दगड हातांनी रचून, चुना-सिमेंट न वापरता, पायवाट बांधून काढली. महामारीमुळे 2020 साली मात्र रविवारचा सोहळा होऊ शकला नाही. त्याच वर्षी आपल्या माउलींच्या व तुकोबांच्या पादुका एसटीच्या गाड्यांतून पंढरीस गेल्या होत्या, हे वाचकांना स्मरत असेल. पायी जाण्याचे सुख काय असते, ते त्या वर्षी दोन्हीकडच्या भाविकांना उमगले.

तीर्थ केवळ देवाच्या वास्तव्याने टिकत नाही. त्याच्याकडे चालत जाणाऱ्या माणसांनी ते टिकते. छप्पर गेले तरी चालेल, सोने गेले तरी चालेल, वाट मोडता कामा नये. वाचकहो, आपल्या क्षेत्राची वाट, नदीचा घाट, चंद्रभागेचे वाळवंट आपण पुढच्या पिढीच्या हाती कोणत्या स्थितीत देणार, याचा विचार आजच्या दिवशी व्हावा. पांडुरंग सर्वांच्या पावलांना बळ देवो.