मऊ अळीची ढाल



गगनबावड्याकडे आंबा-फणसाच्या जुन्या झाडांना तोटा नाही. एखाद्या बुंध्याशी लाकडाचा ओला भुसा पडलेला दिसला, तर समजावे, आत भिरूड किडीची अळी शिरली आहे. लांब मिशांच्या भुंगेऱ्याची ही अळी. पांढरट, मऊ, बोटाएवढी. मग हिला कुणी खाऊन का टाकत नाही बरे?

मऊ अंगाच्या जिवाला दोन वाटा असतात. भिंतीआड बसावे, नाही तर अंगात विष बाळगावे. भिरूड पहिल्या वाटेची. सालीखालून लाकूड पोखरत ती आत जाते. तिथे मुंगीचे, सरड्याचे काही चालत नाही. सुतारपक्षी तेवढा चोचीने भोक पाडतो आणि लांब जिभेने तिला ओढून काढतो.

उघड्यावर राहणाऱ्या अळ्यांना भिंत कुठली? पॉप्लरची पाने खाणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळीचेच पाहा. त्या पानांत सॅलिसिन हे कडू द्रव्य असते, अ‍ॅस्पिरिनच्या जातकुळीतले. अळी त्यातली साखर सुटी करून स्वतः वापरते आणि उरल्या भागापासून सॅलिसिलाल्डिहाइड हे उग्र वासाचे रसायन बनवते. तिच्या पाठीवर ग्रंथींच्या नऊ जोड्या असतात. मुंगी अंगाला भिडली, की त्यांतून रसायनाचे थेंब वर येतात. मुंगी मागे फिरली, की अळी ते थेंब पुन्हा आत ओढून घेते. थेंबही वाया जात नाही! म्हणजे झाडाने आपल्या रक्षणासाठी केलेले विष अळीने आपल्या कामी लावले.

आपल्या ओळखीचे काजवेही याच पंथाचे. काही काजव्यांच्या अंगात बेडकाच्या विषासारखे द्रव्य असते, हे १९७८ साली अमेरिकेत उघड झाले. काजव्याची अळीही रात्री मंद उजेड देते. ‘मला खाल तर पस्तावाल’ अशी ती सूचनाच म्हणायची. ही अळी गोगलगाई खाते, तेव्हा तिला मारू नये.

आता कामाची गोष्ट. भिरूडची ढाल म्हणजे झाडच. म्हणून पानांवर औषध फवारले, तरी खोडातल्या अळीपर्यंत ते पोचत नाही. भुसा येतो ते भोक शोधावे, तारेच्या आकड्याने अळी बाहेर काढावी, रॉकेलात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारावा आणि वरून चिखलाने लिंपावे. विडीकाडी मात्र लांब ठेवावी.

गुरुजींनी मुलांना तो भुसा एकदा जरूर दाखवावा. वेळीच दिसला, तर आजोबांनी लावलेले झाड नातवंडांनाही फळ देईल.