माहुलीच्या समाध्यांत नेमकं कोण?

पाचगणीच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात जॉन चेसन यांची कबर आहे. हे गाव थंड हवेचं ठिकाण म्हणून ज्यानं वसवलं, तो इंग्रज याच मातीत विसावला. तिथं उभं राहिलं की ‘इथं कोण आहे?’ असा प्रश्नच पडत नाही. पाचगणीहून खाली साताऱ्याला उतरून संगम माहुलीच्या घाटावर गेलं, की मात्र हाच प्रश्न पावलापावलाला पडतो. कृष्णा महाबळेश्वराहून धोम, वाई करत येते, वेण्णा मेढ्यावरून कण्हेर धरणातून येते, आणि साताऱ्याच्या पूर्वेला चार-पाच किलोमीटरवर दोघी भेटतात. तो संगम म्हणजे साताऱ्याच्या छत्रपती घराण्याची दहनभूमी. घाटावर, झाडाझुडपांत, काठच्या गाळात दगडी चौथरे आहेत. काहींवर शिवलिंग, काहींवर तुळशीवृंदावन, काही नुसतेच घडीव दगड. नाव मात्र बहुतेकांवर नाही.

नाव नसलं की लोक आपापलं नाव देतात. पाचगणीला आलेल्या पाहुण्यांना घेऊन मी अनेकदा माहुलीला जातो आणि दर वेळी शेजारच्या एखाद्या टोळक्यात कुणीतरी ठामपणे चुकीचं सांगत असतं. त्यातल्या काही गोष्टी इतक्या रुळल्यात, की त्या एकदा नीट मांडायलाच हव्यात.

सगळ्यात मोठा गैरसमज सगळ्यात साधा आहे: समाधी म्हणजे खाली देह पुरलेला असणार. संतांच्या संजीवन समाधीवरून आपण हा अर्थ घेतो. आळंदीला ज्ञानेश्वरांनी 1296 साली समाधी घेतली, संन्याशाला अग्नी देत नाहीत, काही समाजांत दफनाचीच रीत आहे; हे सगळं खरं. पण भोसले घराण्यात दहन होत असे. चिता पेटली ती जागा पवित्र मानून तिथं चौथरा, छत्री किंवा वृंदावन बांधत, आणि रक्षा नदीत सोडत. म्हणजे माहुलीच्या चौथऱ्याखाली खणून कुणाची हाडं सापडतील ही अपेक्षाच चुकीची आहे. ती समाधी देहाची पेटी नव्हे, शेवटच्या निरोपाच्या जागेची खूण आहे.

याचं महत्त्व कळायला ग्रीसमधलं एक उदाहरण उपयोगी पडेल. प्राचीन मॅसिडोनियाच्या अँफिपोलिस गावाजवळ कास्ता नावाची टेकडी आहे. जवळपास पाचशे मीटर घेराच्या संगमरवरी भिंतीनं वेढलेलं तिथलं थडगं कॅतेरिना पेरिस्तेरी यांच्या चमूनं 2014 साली उघडलं. दारावर स्फिंक्सच्या मूर्ती, आत स्त्रीरूपी खांब, जमिनीवर पर्सेफोनीच्या अपहरणाचं मोझेक. जगभर तर्क सुरू झाले: अलेक्झांडरची आई ऑलिंपियास, बायको रोक्साना, मित्र हेफेस्टिऑन, की स्वतः अलेक्झांडर? जानेवारी 2015 मध्ये हाडांचा अहवाल आला, तर माणसं निघाली किमान पाच: साठीपलीकडची एक बाई, 35 ते 45 वयाचे दोन पुरुष, एक तान्हं बाळ आणि दहन झालेली एक व्यक्ती. हाडं मिळाली, पण नाव मिळालं नाही. वाद अजून चालू आहे.

तिथं निदान वाद घालायला हाडं तरी आहेत. माहुलीला तीही नाहीत. मग ओळख पटवायची कशी? कागदांनी. समाधीला नंदादीप लागायचा, नैवेद्य व्हायचा, गुरवाला किंवा पुजाऱ्याला इनाम मिळायचं आणि त्या इनामाची सनद व्हायची. अशा नोंदी पुण्याच्या पेशवे दफ्तरात, साताऱ्याच्या कागदांत, जुन्या घराण्यांच्या रुमालांत आहेत. अमक्या समाधीच्या पूजेसाठी तमक्याला इतकी जमीन, अशी एक मोडी ओळ शंभर दंतकथांवर भारी ठरते.

येसूबाईंच्या समाधीचं असंच झालं. संभाजी महाराजांच्या या महाराणी 1689 साली रायगड पडल्यावर मोगलांच्या हाती गेल्या आणि जवळपास 30 वर्षं कैदेत राहून 1719 साली परतल्या. त्यांची शेवटची वर्षं साताऱ्यात गेली आणि 1730 च्या आसपास त्या गेल्या. तरी ‘येसूबाईंची समाधी कुठंच नाही’ असं कितीतरी वर्षं म्हटलं जायचं. साताऱ्यातल्या अभ्यासकांनी जुने कागद आणि प्रत्यक्ष जागा यांची सांगड घालून माहुलीतली त्यांची समाधी पुढं आणली. ती जमिनीत गडप झालेली नव्हती. तिच्याजवळून लोक रोज जात होते. तीस वर्षं शत्रूच्या छावणीत काढलेल्या बाईची समाधी आपल्या वाटेवर असावी आणि आपल्याला ती माहीत नसावी, हे मला आजही टोचतं.

दुसरा गैरसमज नावाचा. ‘शाहू महाराजांची समाधी’ म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढं कोल्हापूरचे राजर्षी शाहू येतात. ते 1874 ते 1922 चे, आणि त्यांची समाधी कोल्हापुरातच आहे. माहुलीचे शाहू हे येसूबाईंचे पुत्र, शिवरायांचे नातू. जन्म 1682, मृत्यू 15 डिसेंबर 1749, साताऱ्यात. सात-आठ वर्षांचे असताना आईबरोबर कैद झाले, 1707 साली सुटले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत मराठ्यांचं राज्य सह्याद्री ओलांडून माळवा-बुंदेलखंडापर्यंत गेलं. त्यांच्याबरोबर राणी सकवारबाई सती गेल्या. तेव्हा त्या जागेपाशी हात जोडताना दोन माणसं आठवायला हवीत.

ताराबाईंचंही तेच. ‘करवीरची ताराराणी’ म्हणून त्यांची समाधी कोल्हापूरला किंवा पन्हाळ्यावर असणार, असं बहुतेक लोक गृहीत धरतात. कोल्हापूरची गादी त्यांनी उभी केली, यात शंका नाही. पण 1714 साली सवत राजसबाईंनी त्यांनाच पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. उत्तरायुष्य साताऱ्यात गेलं आणि पानिपताच्या वर्षी, 9 डिसेंबर 1761 रोजी, साताऱ्यातच त्यांचा शेवट झाला. वय ऐंशीच्या पुढं. दहन माहुलीला. औरंगजेबाच्या फौजेला सात वर्षं झुंजवणारी ही बाई ज्या शाहूंशी गादीसाठी लढली, त्यांच्याच शेजारी, एकाच नदीच्या काठी तिची राख झाली.

आता कुत्र्याची समाधी. विश्वेश्वराच्या देवळाजवळ चौथऱ्यावर कुत्र्याची दगडी मूर्ती आहे. देऊळ काळ्या पाषाणाचं, 1735 च्या सुमाराचं, श्रीपतराव प्रतिनिधींनी बांधलेलं. मूर्तीपाशी मुलं थांबतात, आणि मोठी माणसं सांगतात: ‘हा शिवाजी महाराजांचा वाघ्या.’ नाही. हा शाहू महाराजांचा खंड्या. वाघाच्या हल्ल्यातून त्यानं शाहूंना वाचवलं, अशी परंपरा आहे. साताऱ्याचा पहिला इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ यानं 1826 साली छापलेल्या आपल्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. इंद्रोजी कदम नावाचा सरदार आपल्या थाटामाटाचा फार गर्व करी. तो भेटीला येणार म्हणून शाहूंनी दरबार भरवला, कुत्र्याला भरजरी कपडे आणि दागिने घातले, स्वतःचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं, आणि पुन्हा कधी पागोटं घातलं नाही. कुत्र्याला जहागीर आणि पालखीही दिली. डफनं हे पाऊणशे वर्षांनंतर लिहिलं, तेव्हा तपशिलात थोडं रंगणं शक्य आहे. पण समाधी शाहूंच्या कुत्र्याची, याबद्दल साताऱ्याची परंपरा एकमुखी आहे.

रायगडावरच्या वाघ्याचं प्रकरण अगदी वेगळं. महाराजांच्या चितेत कुत्र्यानं उडी घेतली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. 3 एप्रिल 1680 च्या आसपासच्या एकाही समकालीन साधनात ती नाही. तिथला पुतळा 1936 चा आहे. 2012 साली तो हटवला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि वाद थांबलेला नाही. पुतळा ठेवावा की काढावा, हा वेगळा विषय. पण इतिहास म्हणून विचाराल, तर माझं मत स्पष्ट आहे: खंड्याला परंपरेचा आणि जुन्या ग्रंथाचा आधार आहे, वाघ्याला नाही. दोघांना एक करून आपण खऱ्या गोष्टीलाही संशयाच्या भोवऱ्यात ओढतो.

थडगं आहे म्हणजे आत माणूस आहेच, असंही नाही. पाचगणीहून दोन तासांच्या आत प्रतापगड गाठता येतो. 10 नोव्हेंबर 1659 रोजी मारला गेलेला अफझलखान गडाच्या पायथ्याशी पुरलेला आहे. पण विजापूरजवळच्या अफझलपुरात त्यानं हयातीतच स्वतःचा मकबरा बांधायला घेतला होता. तो अपुरा राहिला आणि रिकामाही राहिला. तिथून जवळच एका चौथऱ्यावर साठाहून अधिक एकसारख्या कबरी रांगेत आहेत. खानानं मोहिमेला निघताना आपल्या बायका मारून इथं पुरल्या, असं सांगतात. या कथेला आधार लोककथेचा आहे. कबरी खऱ्या, ओळीत मांडलेल्या, पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणणाऱ्या. पण त्यांवर नावं नाहीत, आणि नावं नसलेल्या जागी भीषण गोष्ट सगळ्यात लवकर रुजते.

माहुलीच्या बाबतीत अजून एक अडचण आहे, आणि ती दंतकथेपेक्षा मोठी आहे. कृष्णेला पूर आला की काठचे चौथरे पाण्याखाली जातात, गाळ साचतो, दगड निसटतात. मग कुणी भाविक मनानं दुरुस्ती करतो, सिमेंट ओततो, दुसरीकडचं शिवलिंग आणून बसवतो. हेतू चांगला असतो. पण पुढच्या अभ्यासकाला घडणीवरून काळ ओळखता येत नाही आणि कागदातलं वर्णन जागेशी जुळेनासं होतं. सुटा पडलेला एक घडीव दगड उचलून घरी नेला, तरी तेवढीच एक खूण गेली.

म्हणून माहुलीला जाल तेव्हा चौथऱ्यावर चढू नका, दगड हलवू नका, त्यावर रंग लावू नका. आणि सातारा, वाई, माहुली, रहिमतपूर परिसरात ज्यांच्या घरी देवळाच्या किंवा समाधीच्या इनामाचे जुने मोडी कागद पेटीत पडून आहेत, त्यांनी ते वाळवी लागण्याआधी एखाद्या मोडी जाणकाराला दाखवावेत. अजून न ओळखलेल्या चौथऱ्यांपैकी एखाद्याचं नाव कदाचित तुमच्याच माळ्यावर असेल.