नांदूरमध्यमेश्वरचे पाहुणे आणि आपण

सुटीचा दिवस कोठे घालवावा, हा प्रश्न थंडी पडू लागली की नोकरदार कुटुंबात दरवर्षी निघतो. एखादे देवस्थान, एखादे थंड हवेचे ठिकाण, फार तर समुद्रकिनारा. आपली कल्पना सहसा याच्या पलीकडे जात नाही. जेथे दर्शनाला मूर्ती नाही, खरेदीला बाजार नाही आणि पोहोचल्यावर आवाजही खाली आणावा लागतो, अशा ठिकाणी मुद्दाम वाट वाकडी करून जावे, हे अनेकांना चमत्कारिक वाटते. तरीही नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीकडे दर हिवाळ्यात माणसांची पावले वळतात. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु केवळ आनंद मानून थांबावे, अशी त्या जागेची स्थिती नाही.

या जागेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी बंधारा बांधण्यात आला, तो पक्ष्यांसाठी नव्हे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेल्या, पाणीटंचाई सोसणाऱ्या प्रदेशाला कालव्यांनी पाणी पुरवावे, हा त्यामागील हेतू. दोन्ही नद्यांनी पावसाळ्यामागून पावसाळे गाळ आणून टाकला. जलाशय उथळ झाला, त्याची साठवणशक्ती घटली, मधोमध मातीची बेटे वर आली, काठाने दलदल झाली आणि पाणवनस्पती रुजल्या. स्थापत्यशास्त्राच्या हिशेबात ही तूट होय. निसर्गाच्या वहीत मात्र तीच रक्कम जमेच्या बाजूला पडली. १९८६ मध्ये सुमारे १०० चौरस किलोमीटरचे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. पुढे रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत तिची नोंद झाली आणि जानेवारी २०२० मध्ये तसे जाहीर झाले. हा मान मिळालेली महाराष्ट्रातील ही पहिली जागा.

पहाटे चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर उभे राहिले, म्हणजे या कोरड्या तपशिलाला जीव येतो. धुके विरळ होऊ लागते आणि आतापर्यंत जे नुसते काळे ठिपके वाटत होते, ते वारकरी पक्षी निघतात. काळे अंग आणि कपाळी पांढरा टिळा. चोचीवर लाल आणि पिवळा रंग मिरवणाऱ्या बदकाला आपल्या लोकांनी हळदी-कुंकू असे घरगुती नाव दिले आहे. उथळ पाण्यात शेकाटे आपल्या लांब तांबड्या पायांनी एखाद्या काटेकोर कारकुनासारखे पाऊल मोजून टाकत असतात. थापट्या आणि तलवार बदक हे उत्तरेकडून आलेले पाहुणे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला कादंब हंस तर हिमालय ओलांडून दक्षिणेत उतरतो. येथे दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. हे पाहायला तिकिटाचे थोडे पैसे, एक साधी दुर्बीण आणि पहाटे उठण्याची तयारी एवढे भांडवल पुरते. मध्यमवर्गीय माणसाला याहून स्वस्त आणि याहून निर्मळ करमणूक क्वचितच सापडेल.

तथापि हा सारा संसार काही बोटे खोलीच्या पाण्यावर उभा आहे, हे विसरून चालणार नाही. शेकाट्याला घोटाभर पाणी हवे असते. डोके पाण्यात आणि शेपूट वर करून चरणाऱ्या बदकांची मान जेथवर पोहोचते, तेथवरच त्यांचे ताट वाढलेले असते. पाणी एकाएकी चढले तर ते ताट बुडते. एकाएकी ओसरले तर ते वाळून जाते. आणि पाण्याची ही पातळी पक्षी ठरवीत नाहीत. वरच्या धरणांतून किती पाणी सोडावे, कालव्याचे आवर्तन केव्हा सुरू करावे, हे निर्णय माणसांचे असतात. कालव्याच्या पाण्याची वाट पाहणारा शेतकरी आणि चिखलात चोच खुपसणारा पाहुणा एकाच बंधाऱ्यावर अवलंबून आहेत. यातून काही मंडळी शेतकरी विरुद्ध पक्षी असा खटला उभा करतात. तो खोटा आहे. पक्ष्यांना शेतकऱ्याच्या वाट्याचे पाणी नको आहे. थंडीच्या मोसमात पातळीतील चढउतार शक्य तितका संथ असावा, एवढीच त्यांची मागणी, आणि ती वेळापत्रकाची आहे. पाटबंधारे आणि वन या दोन खात्यांनी मोसमाच्या आरंभी एका टेबलाशी बसून ते ठरवावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

खरा धोका निराळाच आहे. जलाशयाच्या वरच्या अंगाला नाशिकसारखे वाढते शहर आहे आणि सभोवार ऊस-द्राक्षांची शेती आहे. सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खते यांवर जलपर्णी पोसते. ती पसरली की पाण्याखालचा प्रकाश अडतो, प्राणवायू घटतो आणि मोकळे पाणी हवे असलेल्या पक्ष्यांना जागा उरत नाही. जलपर्णी, शहरांची वाढ आणि पाण्याचा वाढता उपसा यांना रामसरच्या नोंदीतही या जागेवरील संकटे म्हटले आहे. सिंहस्थ आला की गोदावरीच्या पावित्र्याविषयी आपण बारा वर्षांतून एकदा भरभरून बोलतो. ते पावित्र्य रामकुंडाच्या चार पायऱ्यांपुरतेच नाही ना, याची परीक्षा नदीच्या खालच्या अंगाला होते. नांदूरमध्यमेश्वर हे त्या परीक्षेचे केंद्र आहे.

आता प्रेक्षकांविषयी. पाहायला येणाऱ्यांची गर्दी हे दुधारी शस्त्र आहे. गर्दीमुळे काठच्या गावांतील तरुणांना मार्गदर्शक म्हणून रोजगार मिळतो आणि गावाला थव्यांविषयी आपलेपणा वाटतो. पण भ्रमणध्वनीवर जवळून छायाचित्र मिळावे म्हणून जो थव्याच्या दिशेने धावतो, त्याच्या हौसेची किंमत पक्षी मोजतो. परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी त्याने अंगी साठविलेली शक्ती प्रत्येक उड्डाणात खर्ची पडते. थवा उडाला तर आपण यशस्वी झालो असे न मानता आपली चूक झाली असे मानावे. भडक कपडे, गाण्याचे कर्णे, चिवड्याच्या रिकाम्या पिशव्या यांना तेथे स्थान नाही, हे निराळे सांगावयास नको.

परंतु शिस्त पाळणारा प्रेक्षकही अखेर पाहुणाच राहतो. अभयारण्याला पाहुण्यांपेक्षा साक्षीदारांची अधिक गरज असते, आणि या बाबतीत शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांचे स्थान महत्त्वाचे आहे. सालिम अली १९३० मध्ये जर्मनीहून परतले, तेव्हा त्यांच्या हाती नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याची घरटी दिवसेंदिवस न्याहाळली आणि त्या नोंदींनीच त्यांना जगापुढे नेले. त्यांच्याजवळ होती ती वही आणि चिकाटी. १९८७ पासून दर जानेवारीत आशियातील पाणपक्ष्यांची गणना होते, ती बव्हंशी हौशी स्वयंसेवकांच्या बळावर. ज्याला हजेरीपट घेण्याची किंवा खतावणी लिहिण्याची सवय आहे, त्याला तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि पक्ष्यांची संख्या लिहून ठेवणे अवघड का वाटावे?

अशी वही कामी कशी येते, हे सरकारी कामकाज जाणणाऱ्याला सांगण्याची आवश्यकता नाही. पक्षी कमी झाले अशी तक्रार करणाऱ्याला हसून वाटेला लावता येते. परंतु अमुक काठावर दहा वर्षांपूर्वी इतके थापटे होते आणि यंदा इतकेच आहेत, असे सांगणाऱ्या सलग नोंदींना उत्तर द्यावे लागते. एखाद्या शाळेने वर्षाची एक सहल याच काठावर नेली आणि प्रत्येक तुकडीने आपली वही पुढच्या तुकडीच्या हाती दिली, तर दहा-पंधरा वर्षांत तेथे एक दप्तर उभे राहील. पाण्याच्या वेळापत्रकाची, सांडपाण्याची, जलपर्णीची चर्चा त्या दप्तराच्या आधारे करता येईल. गाळ साचायला अनेक दशके लागली आणि त्यातून ही जागा घडली. ती राखायलाही तितकीच दीर्घ चिकाटी लागेल. येत्या हिवाळ्यात तेथे जाणाऱ्यांनी शिदोरीबरोबर एक वहीही न्यावी.