'पार्लानो'तला जोर

पेरुज्यातल्या आमच्या इटालियनच्या वर्गात क्रियापदं आधी टेबलावर वाजायची, मग फळ्यावर यायची. दर अक्षराला एक बोट, आघात असेल तिथे अख्खा तळवा. 'पार्लो', मी बोलतो: तळवा, बोट. 'पार्लानो', ते बोलतात: तळवा, बोट, बोट.

मराठी माणूस अडकतो तो इथे. वहीत देवनागरीत लिहून घेतलं की मधला दीर्घ 'ला' खुणावतो आणि जीभ तिथेच रेंगाळते. इटालियन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ नाहीच. शब्दाच्या शेवटी नसलेल्या ज्या मोकळ्या अक्षरावर आघात पडेल त्याचा स्वर बोलताना लांबतो, बाकीचे आखूडच राहतात. आघाताची खूण छापतात तीही बहुधा शब्दाच्या शेवटच्या स्वरावर असेल तरच. 'पार्लो'च्या 'ओ'वर तिरकी रेघ आली की 'मी बोलतो'चं 'तो बोलला' होतं.

बाईंची युक्ती साधी होती: 'ते'चं रूप म्हणायच्या आधी 'मी'चं रूप मनात म्हणा, जोर तिथेच ठेवा. 'आबितो', मी राहतो, यात जोर 'आ'वर; म्हणून 'आबितानो'तही 'आ'वरच, मागून चौथ्या अक्षरावर. 'तेलेफोनानो'त तो 'ले'वर. 'आम्ही' आणि 'तुम्ही' मात्र जोर प्रत्ययाकडे ओढतात: 'पार्ल्यामो'त 'ल्या'वर, 'पार्लाते'त 'ला'वर.

अक्षरं तोडताना आपला रफार फसवतो. 'पार्लो' लिहिताना र 'लो'च्या डोक्यावर बसतो, इटालियन तोड मात्र पार-लो. वृत्तं शिकलेल्याला हे पटकन पटतं, कारण जोडाक्षराचा भार मागच्या अक्षरावर टाकायची त्याला सवय असते. पण 'फिनिस्को', मी संपवतो, इथे तीच सवय नडते. शाळेतला नियम सांगतो की 'स'पुढे व्यंजन आलं तर 'स' त्याच्याबरोबर पुढे जातो: फि-नि-स्को. म्हणजे इथे देवनागरीचं जोडाक्षर बरोबर आणि वृत्ताचा हिशेब चूक! मला तर या भांडणातच जास्त मजा यायची.

सगळ्यात आडमुठी ती 'एरे'त संपणारी मूळ रूपं. 'वेदेरे', म्हणजे पाहणे, यात जोर 'दे'वर. 'प्रेन्देरे', म्हणजे घेणे, यात 'प्रेन्'वर. शेपूट तेच, चाल वेगळी, आणि नुसत्या स्पेलिंगवरून काही कळत नाही. इथे बाईसुद्धा युक्ती सांगत नसत, शब्दकोश पुढे सरकवत. त्यात आघाताची खूण दिलेली असते.