आयर्नटनचे रणगाडे

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत मात्र हाच शब्द एका वेगळ्या खेळासाठी वापरतात. दोन्ही टोकांना निमुळता असलेला लांबट चेंडू हातात धरून पळायचं किंवा साथीदाराकडे फेकायचा, आणि समोरच्या संघाने अंगावर झेप घेऊन अडवायचं, असा तो धसमुसळा खेळ. चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की ६ गुण आणि त्यावर एक जादा गुण मिळवायची संधी. चेंडूला लाथ मारून तो दोन खांबांमधून पार केला, तर ३ गुण. आजच्या गोष्टीसाठी एवढे नियम पुरेत. कारण ही गोष्ट खेळाची थोडी आणि एका गावाची जास्त आहे.

गावाचं नाव आयर्नटन. ओहायो राज्याच्या दक्षिण टोकाला, ओहायो नदीच्या काठी ते १८४९ मध्ये वसवलं गेलं. नावातच लोखंड आहे. आसपासच्या डोंगरांत खनिज, भट्ट्यांसाठी जंगलातलं लाकूड आणि माल न्यायला दारात नदी. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात या भागातल्या लोखंडाला मोठी मागणी होती. पुढे भट्ट्यांचे दिवस उतरणीला लागले. १९३० च्या सुमारास गावाची वस्ती सोळा-सतरा हजार. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव समजा.

१९१९ मध्ये पहिल्या महायुद्धावरून तरुण घरी परतले. गावात फुटबॉलचे दोन संघ होते. एक आयरिश टाउन रॅग्ज आणि दुसरा लोम्बार्ड्स. दोघांचं आपसांत हाडवैर. पण एका गावाने दोन संघ पोसण्यापेक्षा एकच बळकट संघ करावा, असं ठरलं आणि दोन्ही एकत्र आले. नाव ठेवलं टँक्स, म्हणजे रणगाडे. रणगाडा हे त्या युद्धातलं अगदी नवं शस्त्र. १९१६ मध्ये तो पहिल्यांदा रणांगणावर उतरला होता. पहिल्या खेळाडूंपैकी बरेचजण सैन्यातून आलेले, त्यामुळे हे नाव शोभलंही.

हा संघ निमव्यावसायिक होता. म्हणजे काय, ते जरा समजून घेऊ. खेळाडूला सामन्याचे पैसे मिळत, पण नुसत्या त्या पैशांवर घर चालत नसे. त्यामुळे आठवडाभर तो कामावर जाई, संध्याकाळी सराव करी आणि सुट्टीच्या दिवशी सामना खेळे. आपल्याकडे गिरण्यांनी, बँकांनी, रेल्वेने कबड्डीपटूंना आणि क्रिकेटपटूंना नोकऱ्या दिल्या. तिथे मालक एक, संघ त्याचा. आयर्नटनसारख्या ठिकाणी मात्र संघ गावाचा होता. चांगला खेळाडू हवा असेल, तर त्याच्यासाठी गावात नोकरी शोधावी लागे. सामन्याला जमलेल्या लोकांची तिकिटं हीच कमाई, आणि त्यातूनच खेळाडूंचे पैसे, पाहुण्या संघाचा वाटा, प्रवास, मैदान असा सगळा खर्च भागवायचा. एखाद्या रविवारी पाऊस पडला की हिशोब कोलमडला.

ही कच्ची घडीही चांगली अकरा-बारा वर्षं टिकली. १९१९ ते १९३० या काळात टँक्सनी ८५ सामने जिंकले, १९ हरले आणि १४ बरोबरीत सोडवले. १९२६ मध्ये संघासाठी स्वतंत्र स्टेडियम उभं राहिलं. शेजारच्या पोर्ट्समथ शहराशी चुरस तर इतकी, की १९२७ मध्ये पोर्ट्समथने आपल्या संघासाठी थेट जिम थॉर्पला आणलं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवणारा हा खेळाडू तेव्हा चाळिशीला आला होता, पण नावाची जादू कायम होती.

आयर्नटननेही मग १९२८ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातला नामांकित खेळाडू ग्लेन प्रेसनेल याला आणलं. तो तिथल्या हायस्कुलात शिकवायचा आणि टँक्सकडून खेळायचा. ज्याच्याकडे आठवडाभर विज्ञानाचे धडे गिरवायचे, तेच मास्तर रविवारी चेंडू घेऊन धावताना बघायचे. त्या पोरांना काय वाटत असेल! मला वाटतं, अशा संघाचं खरं बळ इथेच असतं. खेळाडू हा दूरचा तारा नसतो, तो आपल्याच रस्त्यावर राहणारा माणूस असतो.

१९३० हे टँक्सचं सर्वांत मोठं वर्ष. प्रशिक्षक होते अर्ल नील, ज्यांना सगळे ग्रीझी नील म्हणत. पुढे याच नील यांनी फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाला १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवून दिली. तोवर अमेरिकेत व्यावसायिक संघांची राष्ट्रीय लीग, म्हणजे एनएफएल, उभी राहून दहा वर्षं झाली होती. आयर्नटन त्या लीगमध्ये नव्हतं. पोर्ट्समथ मात्र स्पार्टन्स हा नवा संघ घेऊन त्याच वर्षी लीगमध्ये शिरलं होतं. टँक्सनी त्या स्पार्टन्सना १६-१५ असं हरवलं. मग सिनसिनाटी शहरात न्यूयॉर्क जायंट्सना १३-१२ असं नमवलं, आणि शिकागो बेअर्सना तर २६-१३. बेअर्सच्या त्या वर्षीच्या संघात रेड ग्रेंज आणि ब्रॉन्को नागुर्स्की होते. या खेळातली ही तेव्हाची सर्वांत मोठी नावं.

आणि त्याच हंगामानंतर संघ बंद झाला.

जो संघ न्यूयॉर्क आणि शिकागोला हरवतो, तो बुडतो कसा? याचं उत्तर गुणफलकावर नाही, गावाच्या खिशात आहे. सामने सिनसिनाटीला का झाले, हे बघा. ते शहर आयर्नटनपासून सुमारे २०० किलोमीटर दूर. पण बड्या संघाला बोलवायचं, तर त्यांना द्यायचे पैसे छोट्या गावाच्या तिकिटांतून निघणार नाहीत. मोठं शहर, मोठं मैदान हवंच. त्यातच १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. ज्याची नोकरी गेली, तो तिकीट कुठून काढणार? ज्या कारखान्यात माणसं कमी होत आहेत, तिथे खेळाडूला काम कोण देणार? संघाचे दोन्ही पाय, तिकीट आणि नोकरी, एकाच वेळी लटपटले.

टँक्स लीगमध्ये गेले असते तर वाचले असते, असं कुणी म्हणेल. त्यासाठी पोर्ट्समथकडे बघू. टँक्स बंद पडल्यावर प्रेसनेल तिथेच खेळू लागला. १९३२ मध्ये या स्पार्टन्सनी सलग तीन वर्षं विजेते असलेल्या ग्रीन बे पॅकर्सना १९-० असं हरवलं, तेही संपूर्ण सामन्यात तेच अकरा खेळाडू खेळवून. पुढे विजेतेपद ठरवणारा सामना शिकागोला, कडाक्याच्या थंडीमुळे बंदिस्त सभागृहात, आखूड मैदानावर झाला. त्यात स्पार्टन्सचा सर्वोत्तम खेळाडू डच क्लार्क नव्हता. तो कोलोरॅडोच्या एका कॉलेजात बास्केटबॉल शिकवायच्या नोकरीवर हजर झाला होता! सामना बेअर्सनी ९-० असा जिंकला. लीग व्यावसायिक झाली होती, पण खेळाडूचं पोट अजून दुसऱ्याच नोकरीवर होतं.

१९३४ मध्ये कर्जबाजारी स्पार्टन्स विकले गेले. घेणारा होता डेट्रॉइटमधल्या एका रेडिओ केंद्राचा मालक, जॉर्ज रिचर्ड्स. संघ डेट्रॉइटला गेला, नाव झालं लायन्स. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला खेळलेला त्यांचा सामना ९४ रेडिओ केंद्रांवरून देशभर ऐकवला गेला. रेडिओवर बोलताना हे सांगायला गंमत वाटते, पण इथेच खेळाचं अर्थशास्त्र बदललं. आता मैदानात किती माणसं मावतात, यापेक्षा बाहेर किती माणसं ऐकतात हे महत्त्वाचं ठरू लागलं. त्या हिशोबात छोटं गाव बसत नव्हतं.

याला एक अपवाद उरला. विस्कॉन्सिनचं ग्रीन बे. तिथला पॅकर्स संघही १९१९ चाच, म्हणजे टँक्सच्या वयाचा. पण १९२३ मध्ये त्यांनी ५ डॉलरचा एक असे शेअर गावकऱ्यांना विकले आणि संघ नफा न वाटणारी संस्था बनला. तो विकून दुसरीकडे नेणं कुणा एकाच्या हातात राहिलं नाही. १९६१ च्या कायद्यानंतर दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जाऊ लागले, आणि छोट्या गावाला महानगराच्या बरोबरीचा वाटा मिळाला. निव्वळ प्रेमाने संघ टिकत नाही. त्या प्रेमाला नियमाचा आणि वाट्याचा आधार लागतो, हे ग्रीन बेने दाखवून दिलं.

ग्लेन प्रेसनेल पुढे लायन्सकडून खेळला, १९३५ च्या विजेत्या संघात होता, आणि २००४ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी वारला. आयर्नटनची वस्ती आता साडेदहा हजारांच्या आसपास आहे. १९२६ च्या त्या मैदानाला टँक्स मेमोरियल स्टेडियम असं नाव आहे. तिथे आता गावच्या हायस्कूलचा संघ खेळतो. त्या पोरांना पैसे मिळत नाहीत, आणि म्हणूनच कदाचित हा संघ कुणी विकत घेऊ शकत नाही.